आजेसासऱ्यांच्या ट्रंकेतल्या सचित्र पोथ्या : यादी कशी करावी?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. माझे आजेसासरे गावभागातल्या एका देवळात चातुर्मासात पुराण सांगायचे. त्यांच्यामागे एक पत्र्याची ट्रंक आणि भिंतीतलं एक कपाट भरून पोथ्या-पुस्तकं राहिली. ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. कपाटाचा खालचा कप्पा २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात बुडाला. पाणी ओसरल्यावर घरात आलो तेव्हा गाळातून एकेक पोथी काढली, काही गच्चीवर उन्हात वाळवल्या, काही पानांवर इस्त्री फिरवली. तीन पोथ्या वाळून विटेसारख्या घट्ट झाल्या आहेत. त्या तशाच एका टोपलीत ठेवल्या आहेत.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. या दिवाळीनंतर सगळं खाली उतरवून मोजलं. ४३ नग भरले. त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे हरिविजय. आडवी पोथी, सुटी पानं, खाली-वर लाकडी फळ्या, लाल बासन. प्रत्येक अध्यायाच्या पहिल्या पानावर चित्र आहे आणि काही चित्रांत हाताने रंग भरलेले दिसतात. कृष्णाच्या डोक्यावर मराठी पागोटं, गौळणी नऊवारीत, आणि कंसाच्या पहारेकऱ्यांच्या अंगात पलटणीतल्या शिपायांसारखे कोट. सासूबाई म्हणतात ही हाताने लिहिलेली पोथी आहे. अक्षर तर तसंच वाटतं, पण मला खात्री नाही.

दुसरं शिवलीलामृत, त्याच घडणीचं, लहान. तिसरा चक्क नवा करार, मराठी, चामड्याच्या पाठीचा, आणि त्याच्या समासात पेन्सिलीने मोडीत काहीबाही लिहिलेलं. एक जाड सचित्र पुस्तक असं आहे की त्याची सुरुवातीची पानंच नाहीत, नाव-गाव काही कळत नाही.

विचारण्याचं कारण असं. गेल्या महिन्यात ओळखीतून एक गृहस्थ आले. हरिविजयाची चित्रांची पानं तेवढी मागितली. पानामागे पैसे देतो, बाकीचं तुम्ही ठेवा नाहीतर रद्दीत घाला, म्हणाले. सासूबाईंनी काही न बोलता बासन बांधलं आणि पोथी आत नेली. तेव्हापासून मला वाटतं, निदान घरात काय आहे ते नीट लिहून तरी ठेवावं. पण लिहायचं काय? ग्रंथाचं नाव आणि पानं, एवढंच मला सुचतं. आणि यादीच्या आधी बाइंडिंग करून घ्यावं का? पानं हातात तुटतात.

खंडाळकर (सातारा रोड)

ताई, सरळ लॅमिनेशन करून घ्या. आमच्याकडच्या जुन्या सनदा आम्ही तशाच केल्या. पाणी नाही, वाळवी नाही, काही नाही. आणि मोबाइलवर स्कॅन करून ठेवा.

जुळारी (सातारा)

ताई, लॅमिनेशन करू नका. प्लॅस्टिक एकदा तापवून चिकटवलं की कागदाला इजा केल्याशिवाय निघत नाही, आणि आत कागदाचं पिवळं पडणं चालूच राहतं. खंडाळकर, सनदा झाल्या त्या झाल्या, पण उरलेल्या मात्र आहेत तशा राहू द्या. स्कॅनचं तुमचं म्हणणं योग्य आहे.

बाइंडिंगही आत्ता नको. आधी यादी, मग दुरुस्ती. क्रम उलटा झाला की काय जातं ते मी पाहिलं आहे.

मी साताऱ्यातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवले. ऑफसेट आल्यावर खिळे वितळवायला गेले आणि मी घरी बसलो. त्याच्या आधीपासूनच जुनी धार्मिक पुस्तकं गोळा करायची ओढ होती. वाडा पाडताहेत असं कळलं की सायकल काढायची. १९९४ साली राजवाड्याजवळ एका रद्दीच्या दुकानात मला शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापलेली रामविजयाची पोथी मिळाली, किलोच्या भावाने. कडा कुरतडलेल्या होत्या म्हणून मी ती हौसेने बांधायला दिली. बांधणाऱ्याने चारी बाजूंनी कटिंग केलं, मधोमध शिवण घातली, वर रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं.

पोथीच्या पानाला डाव्या समासात वर ग्रंथाचं नाव आखूड करून लिहिलेलं असतं, खाली पत्राचा आकडा; उजव्या समासात खालच्या बाजूला बहुतेकदा ‘राम’. ते सगळे समास कापून गेले. आज त्या पोथीतलं कोणतं पान हरवलंय हे पाहायचं तर ओव्यांचे आकडे लावत बसावं लागतं. आणि शेवटच्या पानाच्या कडेला कुणीतरी बोरूने दोन ओळी लिहिल्या होत्या. पोथी कुणी घेतली, कुठल्या गावची, असं काहीतरी असावं. देण्याआधी मी त्या उतरवून घेतल्या नव्हत्या. त्या दोन ओळी आता कुठेच नाहीत. तीस वर्षं झाली, अजून ते मनातून जात नाही.

म्हणून सांगतो, कशालाही हात लावण्याआधी पोथी जशी आहे तशी लिहून काढा. जे दिसतं ते लिहा, जे नाही तेही लिहा, आणि जे आपल्याला वाटतं ते त्या दोन्हींत मिसळू देऊ नका.

आता हस्तलिखित की छापील. शिळाप्रेसमध्ये लेखक, म्हणजे नक्कल करणारा माणूस, चिकट शाईने कागदावर लिहायचा. ते लिखाण दगडावर उमटवून दगडावरून प्रती काढायच्या. म्हणून छापलेलं असूनही अक्षर हाताचंच दिसतं. लोक फसतात त्यात नवल नाही. घड्याळजीकडे डोळ्याला लावायचं भिंग असतं, दहापटीचं, ते मिळवा. हाताने लिहिलेल्या पानात बोरू शाईत बुडवला की पुढची दोन-चार अक्षरं गडद येतात, मग फिकी होत जातात, मग पुन्हा गडद. शिळाछापात काळेपणा पानभर सारखा असतो, आणि समासात कधी कधी चिकट शाईचे नको तिथे डाग उमटलेले असतात. हस्तलिखितात ओव्यांच्या आकड्यांवर गेरू लावलेला असतो किंवा लाल शाई वापरलेली असते, आणि चुकलेल्या अक्षरावर पिवळा लेप असतो. तो हरताळ. ‘हरताळ फासणे’ आपण म्हणतो ते यातूनच आलं. हरताळ म्हणजे सोमलाचाच प्रकार, विषारी. पिवळं दिसलं तर त्या पानाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा आणि पान उलटताना बोट जिभेला लावू नका.

शेवटच्या पानावर ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा’ हा श्लोक सापडला म्हणून हस्तलिखित समजू नका. नक्कल करणारा मूळ पोथीतला श्लोकही उतरवायचा, तो शिळाछापातही येतो. ‘लिहिले’ आहे की ‘छापिले’ आहे ते बघा.

खिळ्यांची छपाई ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही. पान उलटं करून मागच्या बाजूने बोटाची पेरं हलकेच फिरवा. खिळा कागदात रुततो, त्याचा दाब मागे लागतो. शिळेचा दाब लागत नाही, कागद सपाट राहतो. तुमच्या नव्या करारावर आधी हे करून बघा, तिथे खिळे असणार. मग हरिविजयावर करा. दोन्हींतला फरक एकदा बोटाला कळला की आयुष्यभर विसरत नाही.

चित्रांचं तेच. भिंगाखाली सारख्या अंतरावर जाळीसारखे ठिपके दिसले तर तो फोटोवरून केलेला ब्लॉक, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरचा. ठिपके वेडेवाकडे, दाणेदार, एकावर एक रंग चढलेले असतील तर दगडावरची रंगीत छपाई. रवि वर्मा प्रेसची देवदेवतांची चित्रं तशी आहेत. रंग रेघेबाहेर गेला असेल आणि कुंचल्याचा ओघळ दिसत असेल तर तो हाताने भरलेला. प्रत्येक चित्राबद्दल एवढं लिहा: कोणत्या अध्यायात, कोणत्या पत्रावर, कशाचं, रंग आहे की नाही, खाली चित्रकाराचं नाव आहे की नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं १९१६ चं चित्ररामायण माझ्याकडे आहे, त्यातली चित्रं राजेसाहेबांनी स्वतः काढलेली. माझ्या प्रतीत तीन चित्रं कमी आहेत. कुणीतरी ब्लेडने इतकी सफाईने काढली की शिवणीपाशी फक्त एक बारीक पट्टी उरली आहे. ती पट्टीसुद्धा मी नोंदीत लिहिली आहे, कारण तिथे चित्र होतं याचा पुरावा आता तेवढाच.

म्हणून त्या गृहस्थांना पुन्हा दारात उभं करू नका. हरिविजयातलं पागोटेवालं चित्र फ्रेममध्ये गेलं की ते कोणत्या अध्यायाचं, त्याच्या खालची ओवी कोणती, कोणत्या वर्षी छापलं, काहीच उरत नाही. आणि एखादं महत्त्वाचं हस्तलिखित ७५ वर्षांहून जुनं असेल तर ते १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाचं नाव कुणी घेतलं तर हे सांगा.

पानं मोजताना पोथीला ‘पृष्ठ’ धरू नका, ‘पत्र’ धरा. आकडा पत्राच्या एकाच बाजूला असतो. १० पत्रं म्हणजे २० बाजू. आणि पुष्कळ पोथ्यांत प्रत्येक अध्यायाचे आकडे पुन्हा १ पासून सुरू होतात, म्हणून अध्यायवार मोजा.

डाग पुसू नका. शिवलीलामृताचे अध्याय १४, पण रोजच्या पाठाला अकरावा. त्या अध्यायाच्या पत्रांना तेल लागलेलं असणार, कोपरे बोटांनी झिजलेले असणार. तेही लिहा. पोथी कशी वाचली जात होती हे छापलेल्या मजकुरात नसतं, ते त्या तेलात असतं.

बिननावाच्या पुस्तकाची अखेरची पानं आणि पुठ्ठ्याची आतली बाजू बघा. १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव-ठिकाण पुस्तकावर घालणं सक्तीचं झालं. ‘सन १८६७ चे आक्ट २५ प्रमाणे रजिस्टर’ अशा अर्थाची ओळ कुठे सापडली तर पुस्तक त्या सालाच्या अलीकडचं हे नक्की. १८६७ च्या आधीच्या मराठी छापील पुस्तकांना अभ्यासक दोलामुद्रिते म्हणतात. पाळण्यातली छपाई. तसं एखादं तुमच्या ट्रंकेत निघालं तर मला कळवा. मला ते बघायला आवडेल.

पुराच्या विटा फोडू नका. चाकू घालून तर अजिबात नको. भांडारकर संस्थेत हस्तलिखितांच्या जतनाचं काम चालतं, तिथे विचारा. इस्त्री पुन्हा फिरवू नका, उष्णतेने कागद ठिसूळ होतो. ट्रंकेत वेखंडाची पुरचुंडी ठेवा. डांबरगोळ्या पानांना लागून नकोत.

मिरजवाला

सांगलीकर ताईंना एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण जुनं छापील म्हटलं की सगळे मुंबईचं नाव घेतात. आपल्या मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली. पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट मॅलेट होता, त्याच्या खटपटीतून एक तांबट देवनागरी अक्षरं कोरायला शिकला होता. मॅलेट गेल्यावर त्याला मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी आश्रय दिला आणि गीता तयार झाली. त्याच १८०५ मध्ये तिकडे बंगालात सेरामपूरला विल्यम केरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण निघालं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी पुढे छापखाना काढला तो अमेरिकन मिशनची छपाई पाहून. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक छापील पोथी शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपातली शाई केली असं सांगतात.

मला मिरजेच्या त्या गीतेची प्रत अजून प्रत्यक्ष बघायला मिळालेली नाही. पण कृष्णाकाठच्या जुन्या घरात आडव्या आकाराची, सलग कोरल्यासारख्या अक्षरांची गीता दिसली तर रद्दीत घालण्याआधी दोनदा बघा, एवढीच सगळ्यांना विनंती.

खळ आणि दोरा (सांगली)

माझा धंदा बाइंडिंगचा, वडिलांपासून. जुळारीकाकांनी लिहिलं ते वाचून वाईट वाटलं, पण खरं आहे. बांधणारा कटिंग का करतो ते सांगतो. गिऱ्हाइकाला तिन्ही कडा सरळ लागतात, आणि कुरतडलेली कड तशीच ठेवली तर काम निकृष्ट म्हणतात. मशीनला पुस्तक लावलं की दोन मिलिमीटर काय आणि दहा काय, पातं एकदाच खाली येतं.

तेव्हा ताई, पुढे कधी बांधायला दिलंत तर ‘कटिंग नाही’ असं चिठ्ठीवर लिहून द्या, तोंडी नको. सुटी पोथी शिवूच नये. ती सुटी राहण्यासाठीच केलेली असते, पाठ म्हणताना एकेक पत्र उचलून पालथं ठेवतात. तिला चांगला पुठ्ठ्याचा डबा करावा, उघडला की चारी बाजू खाली पडतात असा. चामड्याच्या पाठीचं पुस्तक मात्र शिवण सुटली असेल तर जुन्याच भोकांतून पुन्हा शिवता येतं. फेविकॉल लावू देऊ नका, पुढच्या माणसाला तो सोडवता येत नाही. खळ लावली तर पाण्याने सुटते. आमचे वडील खळीत मोरचूद घालायचे, किडीसाठी. मी आता घालत नाही, जुन्या कागदावर त्याने तपकिरी डाग पडलेले मी पाहिलेत.

सेलोटेप लावलेली पानं असतील तर टेप ओढून काढू नका.

कृष्णाकाठची (सांगली)

सगळ्यांचे आभार. पंधरा दिवस यातच गेले. मारुती चौकातल्या घड्याळदुरुस्तीवाल्यांनी भिंग नुसतं वापरायला दिलं, पैसे घेतले नाहीत.

आधी नव्या करारावर बोट फिरवलं. अक्षरन् अक्षर मागे लागतं. मग हरिविजय. काही लागत नाही. शाई पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखी काळी. सासूबाईंना भिंगातून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, म्हणजे अशी पोथी आणखी कुणाच्या घरी असेल. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. पण त्यांचा चेहरा उजळला होता.

हरिविजयाची नोंद मी अशी केली आहे. चुकलं असेल तर सांगा.

‘नग १. श्रीधरकृत हरिविजय. शिळाछाप, सुटी पत्रं, आडवी, रुंदी ३३ सेंमी, उंची १६ सेंमी. पानात १३ ओळी. अध्याय ३६, प्रत्येकाचे पत्रांक वेगळे. एकूण पत्रं २९१ हवीत, २८८ आहेत. नाहीत ती: अध्याय ८ चं पत्र १, अध्याय १७ ची पत्रं ४ आणि ५. चित्रं ३५, प्रत्येक अध्यायाच्या पहिल्या पत्रावर एक. अध्याय ८ चं चित्र हरवलं. पहिल्या ११ चित्रांत हाताने भरलेले रंग: लाल, पिवळा, हिरवा. पुढची काळी. पहिल्या पत्रावरच्या गणपतीच्या कपाळावर कुंकवाचा थर. अध्याय २२ च्या पत्रांना मेणाचे किंवा तेलाचे डाग. दोन लाकडी फळ्या, लाल सुती बासन, बासनाला एका कोपऱ्यात ठिगळ. शेवटच्या पत्रावर मजकूर: शके १७७६ आनंदनाम संवत्सरे माघ शुद्ध ५ ते दिवशीं मुंबईंत गणपत कृष्णाजी यांचे शिळाछापखान्यांत छापिलें. इ. स. १८५४.’

एक कबुली. छापखान्याच्या मालकाचं नाव होतं तिथे कसर लागली आहे, बोटभर जागा खाल्ली आहे. मिरजवाल्यांचं वाचून मी तिथे गणपत कृष्णाजी घातलं. तेच असणार ना?

नव्या कराराचे आणि समासातल्या मोडीचे चार फोटो जोडले आहेत. मला मोडी येत नाही.

जुळारी (सातारा)

ताई, नोंद वाचताना पोथी समोर ठेवल्यासारखी वाटली. बासनाचं ठिगळ तुम्ही लिहिलंत, मी तीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं. आता माझ्या सगळ्या नोंदी पुन्हा काढणार आहे.

तीन ठिकाणी दुरुस्ती करा.

कसरीने खाल्लेल्या जागी गणपत कृष्णाजी काढून टाका. असतीलही तेच. पण त्या काळात मुंबईत शिळाछापखाने एकाहून जास्त होते. तुमची नोंद उद्या कुणी वाचली तर तो समजेल की नाव पोथीवर आहे. तिथे ठिपके द्या आणि कंसात ‘कसरीने खाल्लेलं, सुमारे बोटभर’ असं लिहा. उरलेल्या भागात एखाद्या अक्षराचा काना, वेलांटी, रफार दिसत असेल तर तो भिंगाने बघून जसाच्या तसा उतरवा. मग शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची काढा. १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं तिच्यात आहेत, मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात मिळते. त्या साली हरिविजय कुणी छापलं ते तिथे सापडलं तर खाली वेगळी ओळ करा आणि ‘तर्क’ असं लिहून मग नाव घाला. अध्याय ८ च्या चित्राचंही तसंच. पत्र नाही हे तुम्ही पाहिलंय. तिथे चित्र होतं हे बाकीच्या ३५ वरून तुम्ही ठरवलंय. ते जवळजवळ नक्कीच आहे, तरी ओळ वेगळी.

साल १८५४ नाही, १८५५. शकात ७८ मिळवायचे ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत. माघ येतो तेव्हा इंग्रजी साल पालटलेलं असतं, म्हणून ७९. माघ शुद्ध ५ म्हणजे वसंत पंचमी, मुहूर्त बघून पोथी पुरी केलेली दिसते. हाही तर्क, माझा.

शक बरोबर वाचलाय का याची एक परीक्षा मी नेहमी करतो. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सर. संवत्सरं साठ, मग पुन्हा तीच. १५९६ मध्ये साठ तीनदा मिळवा. १७७६ येतात, आणि तुमच्या पोथीवरही आनंदनामच आहे. आकडा आणि नाव एकमेकांना दुजोरा देतात. एखाद्या पोथीत आकडा अर्धा फाटला असेल तर संवत्सराच्या नावावरून तो भरून काढता येतो, साठ वर्षांच्या आत काळ माहीत असला म्हणजे झालं.

आणि १८५५ म्हणजे दोलामुद्रित. तुमच्या घरात आहे. मी हे वाचून उठून बाहेर जाऊन आलो.

आता मोडी. फोटो चांगले आलेत. मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांत, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनाशी, नोंदी दाट आहेत. जिथे उद्याची चिंता करू नका असं आहे तिथे समासात फक्त ‘तुका’ लिहिलंय आणि खाली आडवी रेघ. दुसऱ्या फोटोत ‘ज्ञा. १२’, म्हणजे ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय, भक्तियोगाचा. तिसऱ्यात ‘सांगणे’ वाचता येतं, पुढचा शब्द पेन्सिल पुसट झाल्याने लागत नाही. चौथा फोटो उलटा आलाय, पुन्हा पाठवा. एक पुराणिक देवळात हरिविजय सांगतो आणि घरी नवा करार उघडून शेजारी तुकोबा आणि ज्ञानेश्वरी लावतो. ताई, तुमच्या ४३ नगांतला माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा नग हा आहे, आणि बाजारात त्याला भाव कमीच मिळेल. खोडरबर त्याच्या जवळपासही नेऊ नका. मोडीच्या नोंदी किती आहेत ते मोजा आणि प्रत्येकीचं पृष्ठ लिहा.

कृष्णाकाठची (सांगली)

काका, मोजल्या. २९ आहेत. मत्तयात १८, योहानात ७, बाकी सुट्या. पृष्ठांची यादी वेगळ्या कागदावर केली आहे.

हरिविजयाची नोंद दुरुस्त केली. खाल्लेल्या जागेच्या शेवटी ‘जी’ची दुसरी वेलांटी आणि तिच्याखाली अर्धा दंड दिसतो, तेवढाच उतरवला. नाव घातलं नाही.

सासूबाईंनी देवघराच्या फळीवरून एक जमाखर्चाची वही काढून दिली. आजेसासऱ्यांची, मोडीतली, दूध आणि तेलाचा हिशेब आहे. तिच्यातला ‘तेल’चा ‘ते’ आणि नव्या करारातल्या नोंदींमधला ‘ते’ शेजारी ठेवून आम्ही दोघी भिंगातून बघत बसलो. दोन्हीकडे मात्रा सारखीच मागे ओढलेली आहे. वहीला मी नग ४४ दिला. चौथा फोटो सरळ करून पाठवते आहे.